बँकेची ६० दिवसांची नोटीस आल्यावर घर वाचते का, आणि लिलावातला फ्लॅट घ्यावा का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मेहुण्यांची नोकरी गेली, डोंबिवलीच्या फ्लॅटचे हप्ते थकले आणि आता बँकेची सरफेसी कायद्याच्या कलम १३(२)ची नोटीस आली. पुढे काय होणार, घर वाचेल का, हा एक. दुसरा तुमचा स्वतःचा. पुण्यात बँकेच्या लिलावात एक फ्लॅट निघाला आहे, बाजारभावापेक्षा बराच स्वस्त दिसतो, घ्यावा का? दोन्हींच्या मागे कायदा एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्र देतो. बँकेच्या वसुली विभागात प्राधिकृत अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे काढली. नोटिसा काढल्या, ताबे घेतले, लिलाव केले. निवृत्तीनंतर कर्जदार आणि खरेदीदार दोघांनाही सल्ला देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत.

मेहुण्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचे आधी सांगतो. हप्ते पुन्हा सुरू होण्याची खरी आशा असेल तर आजच बँकेत जा. ती नसेल तर वकिलाइतकीच घाई गिऱ्हाईक शोधायची करा. लिलावाची जाहिरात पेपरात येण्याआधी घर स्वतः विकणारा माणूस काहीतरी हातात घेऊन बाहेर पडतो. जाहिरातीनंतर जागा होणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते.

हा सरफेसी कायदा २००२ सालचा. त्याआधी तारण घर विकायला बँकेला न्यायालयात किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणात जावे लागे आणि वर्षानुवर्षे तारखा पडत. आता बँक न्यायालयाच्या आदेशाशिवाय नोटीस काढते, ताबा जाहीर करते आणि लिलावही करते. हे माहीत नसल्याने कितीतरी कर्जदार ‘कोर्टाची तारीख येईल तेव्हा बघू’ म्हणून बसून राहतात. ती तारीख येतच नाही. दाद मागायची तर आपणच जावे लागते, तेही मुदतीत.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर मात्र वाट वेगळी. पतसंस्थेला सरफेसी लागू नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला घेते आणि विशेष वसुली अधिकारी नियम १०७प्रमाणे जप्ती-लिलाव करतो. सहकारी बँकांबद्दल पूर्वी वाद होता. तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२०मध्ये मिटवला: सहकारी बँकांनाही सरफेसी लागू. गृहवित्त कंपन्यांना तो लागू आहेच. शेतजमीन, एक लाखापर्यंतचे कर्ज, आणि मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरलेले कर्ज या कायद्यातून वगळले आहे. बरीच वर्षे हप्ते नीट भरून शेवटी शेवटी अडकलेल्यांनी हा २० टक्क्यांचा मुद्दा जरूर तपासावा. तो फारसा कोणी उचलत नाही.

मेहुण्यांचे खाते आज नेमके कुठे आहे ते आधी समजून घ्या. थकबाकी ९० दिवसांपेक्षा जुनी झाली की खाते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होते. इथे हमखास एक गैरसमज होतो. एनपीए झाल्यावर लोक कुठून तरी एक हप्ता गोळा करून भरतात आणि कारवाई थांबली असे धरून चालतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१मध्ये स्पष्ट केले आहे की थकलेले सगळे मुद्दल आणि व्याज भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित धरता येत नाही. म्हणजे पाच हप्ते थकले असतील तर पाचही भरले पाहिजेत. पूर्ण कर्ज फेडा असा त्याचा अर्थ नाही. नोटिशीत बँक पूर्ण कर्ज मागते हे खरे, पण या टप्प्यावर थकीत हप्ते आणि खर्च भरून खाते सुरळीत करून द्यायला बहुतेक बँका राजी असतात. खात्यावर पैसे जमा करायच्या आधी तसे लेखी मागा. एजंटाच्या हातात रोख देऊ नका. आणि वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी वा संध्याकाळी ७नंतर येत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा हवाला देऊन लेखी तक्रार करा.

नोटिशीची मुदत ६० दिवसांची. ती मिळाली की मागितलेली रक्कम, खाते एनपीए झाल्याची तारीख, मालमत्तेचे वर्णन आणि नोटीस कोणाकोणाच्या नावे आहे हे बारकाईने वाचा. मग हरकत लिहा. कलम १३(३अ)प्रमाणे कर्जदाराच्या हरकतीला बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे. त्या उत्तरावर लगेच अपील करता येत नाही, म्हणून काही वकील हे पत्र म्हणजे औपचारिकता समजतात. माझे मत वेगळे आहे. पुढे न्यायाधिकरणात उभे राहायची वेळ आली तर हेच पत्र पहिले वाचले जाते. पत्रात रडगाणे नको. कुठला भरणा खात्यात दिसत नाही, कुठले शुल्क चुकीचे लागले, किती दिवसांत काय भरू शकतो, घर विकायला परवानगी हवी आहे का, हे तारखांसह लिहा. दंड पूर्वी व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढत असे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानंतर दंड वेगळे शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि तो मुद्दलात मिळवता येत नाही. नवीन कर्जांना हे १ एप्रिल २०२४पासून लागू झाले आणि जुन्या खात्यांनाही त्याच जूनअखेरपर्यंत लावायचे होते. खातेउतारा मागवून हा भाग पेन्सिलने तपासा.

मूळ कर्जदाराचे निधन झाल्यामुळे हप्ते थकले असतील, तर आधी घरातली फाईल काढा. कर्ज देताना बँका कर्जविमा विकतात आणि त्याचा हप्ता बहुतेक वेळा कर्जातच मिळवलेला असतो. पॉलिसी फाईलमध्ये पडून आणि बायकोच्या नावे जप्तीची नोटीस, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

आता विक्रीचे. नोटीस मिळाल्यावर कलम १३(१३)प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. पण संमती मागितली तर बँक सहसा नाही म्हणत नाही, कारण तिला घर नको असते, पैसे हवे असतात. हिशेब उदाहरणाने मांडतो, आकडे समजण्यापुरते. फ्लॅटचा बाजारभाव ६० लाख आणि देणे ३८ लाख आहे असे धरा. मालक स्वतः विकायला निघाला आणि घाईमुळे ५७ लाखांना सौदा झाला, तर कर्ज फेडून १९ लाख हातात येतात. तेच घर वर्षभराने लिलावात गेले तर देणे व्याज-खर्चासह ४३ लाखांवर पोचलेले असते, लिलावात ४८ लाख येतात, आणि मालकाच्या वाट्याला ५. या दोन आकड्यांमधल्या १४ लाखांत मुलांची शिक्षणे होतात, दुसरीकडे घराची अनामत भरता येते. तरीही लोक विकत नाहीत, कारण विकणे म्हणजे हरणे वाटते. ते मन मला कळते. पण घर टिकवण्याची ऐपत उरली नसेल तर वाट पाहण्याचा प्रत्येक महिना मालकाच्याच खिशातून जातो.

विक्री करताना बँकेकडून आजअखेरच्या बाकीचे पत्र आणि बँकेजवळ असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी घ्या. खरेदीदाराला नोटिशीबद्दल पहिल्याच भेटीत सांगा. लपवले तर सौदा अर्ध्यावर मोडतो आणि तेवढे महिने वाया जातात. बँक, मालक आणि खरेदीदार यांच्यात लेखी ठरवून खरेदीदाराचे पैसे थेट कर्जखात्यात जाऊ द्या, उरलेले मालकाला. खरेदीदार स्वतः कर्ज काढत असेल तर त्याची बँक जुन्या बँकेला परस्पर पैसे देते. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे.

एकरकमी तडजोडीचा पर्यायही आहे, पण ती मिळणे हा कर्जदाराचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात तसे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय सूट घेऊन मिटवलेले कर्ज सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढे कर्ज घेताना आडवे येते. घर विकून पूर्ण फेड होत असेल तर मी तडजोडीच्या मागे लागू देत नाही.

६० दिवस उलटले आणि काहीच हालचाल झाली नाही, तर बँक ताबा घेते. पहिला ताबा बहुतेक वेळा सांकेतिक असतो. अधिकारी येतो, दारावर ताबा सूचना चिकटवतो, फोटो काढतो, आणि सात दिवसांच्या आत ती सूचना दोन वर्तमानपत्रांत छापून येते. त्यातले एक स्थानिक भाषेतले असते. मुंबईत ‘नवशक्ती’ उघडलात तर अशा सूचनांची पानेच्या पाने दिसतील: कर्जदाराचे नाव, सहकर्जदाराचे नाव, फ्लॅटचा नंबर, सोसायटीचे नाव, बाकी रक्कम. त्या दिवशी माणूस खचतो. लिफ्टमध्ये शेजारी बोलायचे थांबतात, बायको भाजी आणायला खाली उतरत नाही. मेहुण्यांना आताच सांगून ठेवा की त्या दिवशी घर सोडायचे नसते. सांकेतिक ताबा कागदावर असतो, कुटुंब घरातच राहते. कुणी ‘आता रिकामे करा’ असा दम दिला तर आदेश दाखवायला सांगा.

मात्र त्या दिवसापासून ४५ दिवसांचे घड्याळ सुरू होते. बँकेच्या कारवाईविरुद्ध कलम १७खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायची ही मुदत. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. दिवाणी न्यायालयाची वाट कलम ३४ने बंद केली आहे, आणि उच्च न्यायालयही अशा प्रकरणांत सहसा हात घालत नाही. सत्यवती टंडन प्रकरणात २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी ताकीदच दिली. न्यायाधिकरण बघते ते बँकेने पायऱ्या नीट पाळल्या का: नोटीस बजावली का, हरकतीला उत्तर दिले का, जाहिरात मुदतीत आली का, मूल्यांकन केले का. चूक सापडली तर ती पायरी रद्द होते, बँक दुरुस्ती करून पुन्हा येते. कर्ज माफ होत नाही. स्थगिती हवी असेल तर काही रक्कम भरायला सांगतात. तिथे हरल्यावर अपिलासाठी देण्याच्या ५० टक्के रक्कम आधी जमा करावी लागते, जी २५ टक्क्यांपर्यंतच कमी होऊ शकते. म्हणून ‘आपण वर जाऊ’ म्हणणाऱ्या वकिलाला पहिला प्रश्न पैशांचा विचारा.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४खाली अर्ज करते: मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे, इतर जिल्ह्यांत बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडे. आदेश ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. मग एका सकाळी तहसील कार्यालयाचा अधिकारी किंवा कमिशनर म्हणून नेमलेला वकील येतो. सोबत पोलीस, त्यात महिला पोलीसही, बँकेचा माणूस, पंच, कुलूपवाला आणि व्हिडिओ काढणारा. सामानाची यादी होते, पंचनामा होतो, दाराला बँकेचे कुलूप आणि सील लागते. मी अशा कित्येक सकाळी उभा राहिलो आहे. फ्रिज, कपाट, गाद्या पटापट खाली जातात. देवघरासमोर मात्र सगळे थांबतात, कारण देव उचलायला कुणाचाच हात पुढे होत नाही. तिथे मी नेहमी घरातल्या मोठ्या माणसाला हवा तेवढा वेळ दिला. पण ही वेळ टाळता येते. आदेश झाल्याचे कळले की बँकेला स्वतः पत्र द्या की अमुक तारखेला घर सोडतो. महिना-दीड महिना बहुतेक अधिकारी देतात. औषधे, मुलांचे दाखले, दागिने, आधार आणि बँकेचे कागद आधीच दुसरीकडे हलवा. सील लागल्यावर एक औषधाची बाटली काढायलाही अर्ज करावा लागतो.

कर्जदाराची शेवटची तारीख ताब्याची असते असे बहुतेकांना वाटते. खरी शेवटची तारीख वेगळी आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) असे झाले की सगळे देणे खर्चासह फेडून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याच्या आधीपर्यंतच. पूर्वी विक्रीच्या तारखेपर्यंत मुभा होती आणि लोक अजून तेच धरून चालतात. सप्टेंबर २०२३मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठाम केले: तिथे लिलाव झाल्यावर कर्जदाराने पूर्ण पैसे देऊ केले, उच्च न्यायालयाने मान्यही केले, पण सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता लिलावातल्या खरेदीदाराला दिली. म्हणजे जाहिरात आल्यावर नातेवाइकांनी सगळी रक्कम उभी केली तरी हक्काने घर मागता येईलच असे नाही. लिलावाला कुणीच आले नाही तर बँक पुन्हा बोलायला बसते, पण तेव्हा तिच्या मर्जीवर सगळे.

लिलावानंतर देणे फिटून पैसे उरले तर ते कर्जदाराचे असतात. कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते, जामीनदाराच्याही. म्हणून विक्री झाल्यावर बँकेकडून हिशेबाचा कागद लेखी मागा. घर गेल्याच्या दुःखात उरलेले पैसे मागायलाच न आलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता तुमचा पुण्याचा फ्लॅट. जाहिरातीत एकच गोष्ट आधी शोधा: ताबा प्रत्यक्ष की सांकेतिक? सांकेतिक असेल तर आत जुना मालक, त्याचे आईवडील, कदाचित भाडेकरू राहत आहेत. पैसे तुम्ही पंधरा दिवसांत भरता, चावी मिळायला कलम १४ची सगळी वाट चालावी लागते. स्वतः राहायला पहिले घर घेणाऱ्याने सांकेतिक ताब्यातले घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका हाताने नवे हप्ते आणि दुसऱ्या हाताने चालू घरभाडे, हे मध्यमवर्गीय घराला पेलत नाही.

मुदती कडक आहेत. इसाऱ्याची अनामत साधारण राखीव, म्हणजे बोलीच्या किमान, किमतीच्या १० टक्के, ती बोलीआधीच भरायची. बोली तुमच्या नावे पडली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तर जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेले सगळे जप्त. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शण्मुगवेलू प्रकरणात २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती योग्य ठरवली. त्यामुळे गृहकर्ज ‘नंतर बघू’ म्हणून बोलीला बसू नका. तुमच्या बँकेला विक्री सूचना आणि मालमत्तेचे कागद आधी दाखवा, मंजुरीपत्र हातात घ्या, मग अनामत भरा. बोलीचा अर्जही ज्यांच्या नावे घर हवे त्यांच्याच नावे भरा, कारण विक्री प्रमाणपत्र यशस्वी बोलीदाराच्या नावे निघते. बायकोचे नाव मागून घालू म्हटले तर अडचण होते.

सरकारी बँकांचे लिलाव आता बँकनेट पोर्टलवर दिसतात. खाजगी बँका आणि गृहवित्त कंपन्या आपापल्या संकेतस्थळांवर आणि वर्तमानपत्रांत देतात. एकदा लिलाव फसला तर पुढच्या वेळी ३०ऐवजी १५ दिवसांची सूचना पुरते आणि राखीव किंमत बऱ्याचदा उतरवलेली असते. घाई नसेल तर दुसऱ्या फेरीची वाट पाहण्यात शहाणपण आहे.

स्वस्ताईचे कारण बहुतेक वेळा ‘जसे आहे जेथे आहे’ या चार शब्दांत असते. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल, हे सगळे तुमच्या अंगावर येऊ शकते. वीजबिलाबाबत के. सी. निनान प्रकरणात मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियम तसे असतील तर जुन्या मालकाची थकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडून मागता येते. म्हणून बोलीआधी सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि बाकी किती ते कागदावर घ्या. सचिव भेटले की अर्धी माहिती बोलता बोलता मिळते: आत कोण राहते, भावाभावांत वाद आहे का, पाणी गळते का. हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘देणगी’ मागितली तर लेखी मागणी करायला सांगा.

पाहणीच्या दिवशी मोजपट्टी घेऊन जा. एका लिलावात खरेदीदार प्रशस्त दिवाणखाना पाहून खूश झाला होता. तारणाच्या कागदात फ्लॅट एकच होता, आणि मालकाने मधली भिंत पाडून भावाच्या नावचा शेजारचा फ्लॅट जोडलेला होता. विकत मिळाली ती भिंतीच्या अलीकडची बाजू, स्वयंपाकघर पलीकडे. मंजूर नकाशाशी आणि कागदातल्या क्षेत्रफळाशी खोल्या जुळवून पाहायला अर्धा तास लागतो.

कागदांत नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहा. महाराष्ट्रात एप्रिल २०१३पासून कागद ठेवून दिलेल्या तारणाची सूचनाही नोंदवावी लागते, ती तिथे सापडते. सर्साईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय, नोंदवहीत याच बँकेचे तारण आहे की आणखी कुणाचे, ते बघा. मालक व्यापारी असेल तर विक्रीकर किंवा जीएसटीचा बोजा आहे का ते विचारा. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२मध्ये, सर्साईत नोंद असलेल्या बँकेचे येणे करांच्या आधी येते असे ठरवले, तरी नोंदीची तारीख पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. भाडेकरू असेल तर करार नोंदवलेला आहे का आणि तारणाच्या आधीचा की नंतरचा, हा कळीचा मुद्दा. पागडीचा संरक्षित भाडेकरू सरफेसीच्या जोरावर काढता येत नाही, हे विशाल कलसारिया प्रकरणात २०१६पासून ठरलेले आहे. न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर कर्जदाराचे नाव टाकून खटला चालू आहे का तेही पाहा. खटला असला म्हणजे घर घेऊच नये असे नाही, पण पैसे अडकायची तयारी हवी.

खर्चाची बेरीज बोलीआधीच करा. पुण्यात मुद्रांक शुल्क साधारण ७ टक्के, मुंबईत ६; नोंदणी कमाल ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापायचा, तो बँकेच्या नव्हे तर कर्जदाराच्या पॅनवर. बंद घराची दुरुस्ती धरा; वर्षभर बंद राहिलेल्या फ्लॅटचे नळ, वायरिंग आणि लाकूडकाम बहुतेक नव्यानेच करावे लागते. हे सगळे मिळून बाजारभावापेक्षा १५ ते २० टक्के स्वस्त पडत नसेल, तर सरळ बाजारातले घर घ्या. विक्री प्रमाणपत्र मिळाले की ते रीतसर नोंदवून घ्या. त्याशिवाय सोसायटी नाव लावत नाही आणि उद्या तुम्ही विकायला गेलात तर गिऱ्हाईकही थांबत नाही.

पुढचे करण्यासारखे एवढेच: मेहुण्यांच्या नोटिशीवरची तारीख आणि ती हातात पडल्याची तारीख कळवा, सोबत मागच्या दोन वर्षांचा खातेउतारा. हरकतीचा मसुदा आणि विक्रीच्या संमतीचा अर्ज त्यावरून एकदमच तयार होईल. पुण्याच्या जाहिरातीत मालमत्तेच्या वर्णनाखाली ताब्याबद्दल जे वाक्य छापले आहे ते जसेच्या तसे लिहून पाठवा. आणि प्राधिकृत अधिकाऱ्याला एक ईमेल आजच करा: या मालमत्तेवर कुठला दावा, स्थगिती, भाडेकरू किंवा बँकेला माहीत असलेली थकबाकी आहे का? तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी उत्तर येईपर्यंत अनामत भरू नका.